सव्वापंधरा सेंटिमीटरची पायरी

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि समुद्राच्या तळाखालची एक फाइल उघडली. वाचायला भारी वाटतं, पण साधी टेक्स्ट फाइल हो. पहिला रकाना खोलीचा (राहायची नव्हे, समुद्रतळापासून खालची), मग गॅमा किरण, घनता, सच्छिद्रता, विद्युतरोध असे रकाने. खाली हजारो ओळी. खोलीचा रकाना प्रत्येक ओळीला ०.१५२४ मीटरने वाढत जातो. पंधरा सेंटिमीटर म्हणावं तर वर चोवीसचं शेपूट कशाला?

उत्तर सोपं आहे. ०.१५२४ मीटर म्हणजे बरोब्बर अर्धा फूट. शास्त्रज्ञांना मीटर हवे होते, पण यंत्रं तेलविहिरीवाल्यांची होती आणि ती फुटांतच मोजायची. मग मोजमाप अर्ध्या फुटाला घ्यायचं आणि फाइलमध्ये मीटर लिहायचे असा तह झाला. आज पॅसिफिकच्या, अटलांटिकच्या, आपल्या अरबी समुद्राच्या तळाखालचे आकडे वाचताना प्रत्येक ओळीत ही अर्ध्या फुटाची पायरी उतरावी लागते.

माझी आणि या आकड्यांची ओळख जुनी. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात तीनेक वर्षं मी तेलविहिरींची मोजमापं वाचणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर काम केलं. तिथे एक घोळ घातला, तो पुढे सांगतोच. त्या घोळामुळेच मला या विषयाचा इतिहास वाचायची खोड लागली.

आधी थोडी पार्श्वभूमी. जमिनीत बोअर मारला की खाली काय आहे ते कळायचे मार्ग दोन. एक म्हणजे पोकळ पातं वापरून दगडाचा लांबच लांब दंडगोल कापून वर आणायचा. त्याला कोअर म्हणतात, म्हणजे गाभा. दुसरा मार्ग म्हणजे दगड तिथेच राहू द्यायचा, केबलला बांधून एक उपकरण बोअरमध्ये सोडायचं आणि वर ओढता ओढता भिंतीची मोजमापं घ्यायची. हे लॉगिंग. (आपल्या सर्व्हरच्या लॉगशी याचं नातं चुलत असेल-नसेल, पण स्वभाव सारखाच. दोन्ही कोणी वाचत नाही, घोटाळा झाल्याशिवाय.)

पहिला लॉग ५ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्सच्या अल्सास भागात, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात घेतला गेला. कॉन्राड आणि मार्सेल श्लंबर्जे या भावांची ती कल्पना. कॉन्राडचे जावई आँरी डॉल प्रत्यक्ष मोजायला उभे होते. उपकरण एक मीटर हलवायचं, थांबायचं, विद्युतरोध वाचायचा, कागदावर लिहायचा, पुन्हा एक मीटर. रात्री त्या ठिपक्यांतून रेघ ओढायची. त्यांनी याला नाव दिलं ‘विजेचा कोअर’, फ्रेंचमध्ये ‘कारोताज इलेक्त्रिक’. नावातच जाहिरात होती. खरा कोअर काढणं महाग, वेळखाऊ. त्याऐवजी आमची ही तार वापरा. तेलवाल्यांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या काही दशकांत जगभर लॉगिंग रुळलं.

समुद्रात मात्र उलटं झालं.

१९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ कस-१ नावाच्या जहाजाने साडेतीन किलोमीटर पाण्याखाली तळाला भोक पाडलं. मोहोल प्रकल्प तो. पृथ्वीचं कवच भेदून खालच्या प्रावरणापर्यंत जायचं अशी हाव होती. १८३ मीटर खाली गेले, शेवटचे काही मीटर बेसाल्टमध्ये. लेखक जॉन स्टाइनबेक स्वतः जहाजावर होता आणि त्याने लाइफ मासिकात त्यावर लिहिलं. पुढे खर्चाचे आकडे फुगले आणि १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रकल्पच बंद केला. पण इतक्या खोल पाण्यात, नांगर न टाकता, जहाज एका जागी धरून बोअर मारता येतो एवढं सिद्ध झालं.

त्याच शिदोरीवर १९६८ मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ निघालं. १९८३ पर्यंत ९६ सफरी, ६२४ ठिकाणं. तिसऱ्याच सफरीत दक्षिण अटलांटिकमध्ये त्यांनी समुद्रतळ पसरतो याचा पुरावा काढला: मधल्या डोंगररांगेपासून जितकं दूर जावं तितका तळ जुना. १९७० मध्ये भूमध्य समुद्राखाली मिठाचे थर सापडले. हे सगळं कशाने कळलं? कोअरमुळे. टेबलावर ठेवलेला, हाताला लागणारा, सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्म दाखवणारा गाभा. त्याच्यापुढे वाकड्यातिकड्या रेघांच्या कागदाला कोण विचारणार? लॉगिंगसाठी ड्रिलिंग थांबवायचं, जहाज एक-दोन दिवस अडकवून ठेवायचं, आणि मिळणार काय तर आलेख! चॅलेंजरच्या काळात म्हणूनच फार थोड्या बोअरमध्ये लॉगिंग झालं. सवतीच्या पोरासारखी गत. जेवायला वाढायचं, पण सगळ्यांची पानं उठल्यावर.

आता कोअरच्या या राज्यात एक गोम होती. सॉफ्टवेअरवाल्यांना ती लगेच समजेल, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोअर काढायची नळी साडेनऊ मीटरच्या आसपास लांब असते. समजा, नळी साडेनऊ मीटर खाली गेली आणि वर आल्यावर आत तीनच मीटर दगड निघाला. बाकीचा चुरा होऊन धुऊन गेला. हे तीन मीटर त्या साडेनऊपैकी नेमके कुठले? वरचे, मधले की तळाचे? कोणालाच माहीत नाही. पण वहीत काहीतरी खोली लिहायला तर हवी. म्हणून संकेत ठरला: जे मिळालं ते सगळं वरच्या टोकाला लागून आहे असं धरायचं. आपण प्रोग्रॅममध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू ठेवतो ना, तसंच. आणि डिफॉल्टचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन वर्षांनी कोणीतरी तीच खरी माहिती समजून त्यावर निष्कर्ष काढतं.

मऊ गाळात ही अडचण कमी, कठीण बेसाल्टमध्ये भयंकर. पूर्व पॅसिफिकमध्ये कोस्टा रिका रिफ्टच्या दक्षिणेला ५०४बी नावाचा एक बोअर आहे. १९७९ मध्ये सुरू केला, पुन्हा पुन्हा जहाजं तिथे परत गेली, आणि १९९३ पर्यंत तो समुद्रतळाखाली २,१११ मीटर खोल झाला. वर साडेतीन किलोमीटर पाणी. त्या पाण्यातून तेच भोक परत सापडवून त्यात पाइप घालायचा, हाच एक पराक्रम. पण दोन किलोमीटर दगडापैकी वर आला जेमतेम पाचवा हिस्सा. शिवाय तोही निवडक. अखंड, टणक दगड टिकतो; भेगाळलेला, ठिसूळ दगड चुरा होऊन जातो. म्हणजे टेबलावरचा कोअर बघून कुणाला वाटेल, महासागराचं कवच काय मजबूत आहे! जे मोडलं ते मोजणीतच आलं नाही. लॉगला हा पक्षपात नाही. केबलवरचं उपकरण वर येताना टणक, ठिसूळ सगळ्याच भिंतीसमोरून जातं आणि दर अर्ध्या फुटाला काही ना काही नोंदवतं. उरलेले चार हिस्से काय होते हे सांगायला त्याच्याशिवाय कोणी साक्षीदार नव्हता.

चॅलेंजर निवृत्त झाल्यावर १९८५ मध्ये ‘जॉयडीझ रेझोल्यूशन’ हे नवं जहाज आलं आणि ओडीपी, म्हणजे ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅम, सुरू झाला. २००३ पर्यंत १११ सफरी. या वेळी लॉगिंग हा कार्यक्रमाचाच भाग केला गेला. खोल बोअर असेल तर लॉगिंग होणार, उरला वेळ तर बघू असं नाही. जबाबदारी दिली न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतल्या एका गटाला. उपकरणं आणि ती चालवणारा इंजिनिअर श्लंबर्जे कंपनीचा, सोबत लॅमॉन्टचा एक शास्त्रज्ञ, आणि मोजमापं किनाऱ्यावर गेली की तिथे ती निस्तरणारी मंडळी. माझ्या मते लॉगिंगचे दिवस खरे पालटले ते या ‘निस्तरणाऱ्या’ मंडळींमुळे. उपकरणं तर तेलवाल्यांकडेही होती.

निस्तरायचं काय असतं? पहिलं आणि सगळ्यात चिवट काम म्हणजे खोली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, केबल किती सोडली ते मोजायचं. पण केबल चार-पाच किलोमीटर लांब. स्वतःच्या वजनाने ताणली जाते. वरचं जहाज लाटेबरोबर खालीवर होतंय, भरती-ओहोटी चालूच आहे. ड्रिलरची खोली वेगळीच, कारण तो पाइपचे तुकडे मोजून बेरीज करतो. म्हणजे एकाच थराला दोन खोल्या. त्यातली खरी कुठली? दोन्ही नाहीत! मग एक युक्ती वापरतात. समुद्राच्या पाण्यात किरणोत्सार नसल्यातच जमा. तळाच्या गाळात पोटॅशियम, थोरियम, युरेनियम असतं. गॅमा किरण मोजणारं उपकरण पाइपच्या आतून वर ओढत आणलं की गाळातून पाण्यात शिरताना आलेख पायरीसारखा उतरतो. ती पायरी म्हणजे समुद्रतळ, तिथे शून्य धरायचं. पाइपच्या लोखंडामुळे आकडा दबलेला असतो, म्हणून तिथलं मोजमाप मोजमाप म्हणून वापरायचं नाही, फक्त खूण म्हणून.

मग दुसरी पायरी. एकाच बोअरमध्ये उपकरणांच्या दोन-तीन वेगवेगळ्या माळा सोडलेल्या असतात. प्रत्येक माळेत गॅमा किरणांचं उपकरण मुद्दाम ठेवतात, केवळ एवढ्यासाठी की नंतर सगळ्या फेऱ्यांचे गॅमाचे चढउतार एकमेकांवर बसवून बाकीची मोजमापं त्याबरोबर सरकवता यावीत. डेटाबेसमध्ये दोन टेबलं जोडायला समान की लागते ना, ती की म्हणजे गॅमा. फक्त ही की अक्षांश-रेखांशासारखी नेमकी नसते, नजरेने जुळवावी लागते. कुठे एक मीटर वर, कुठे साठ सेंटिमीटर खाली.

एका मीटरने काय बिघडतं? साधा हिशेब करू. खोल समुद्रात गाळ साचायचा वेग हजार वर्षांना दोन सेंटिमीटर धरा. मग एक मीटर म्हणजे पन्नास हजार वर्षं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्यामुळे हवामानात साधारण २१ हजार वर्षांचं एक चक्र येतं. ते गाळात पट्ट्यांसारखं उमटतं आणि ते शोधायलाच तर एवढी यातायात. मीटरभराच्या चुकीत अशी दोन चक्रं गडप! तेलवाल्याला मीटरने फारसा फरक पडत नाही, त्याचा साठा काही पळून जात नाही. हवामानाचा इतिहास लिहिणाऱ्याचं मात्र तेवढ्यात शतकंच्या शतकं इकडची तिकडे होतात.

लाटांचा उपद्रव याहून वाईट. वरचं चाक केबल एकसारखी गुंडाळतंय असं दाखवतं, पण खाली उपकरण लाटेबरोबर कधी धावतंय, कधी थबकतंय, कधी चक्क मागे जातंय. त्यावर जहाजावर एक यंत्र बसवलं, जे जहाज वर गेलं की केबल तेवढी सैल सोडतं आणि खाली आलं की ओढून घेतं. तरी थोडी हालचाल उरतेच. १९८९ मध्ये भिंतीचं चित्र काढणारं उपकरण या जहाजावर आलं, पाइपमधून मावेल असं बारीक केलेलं. चार गाद्या भिंतीला टेकतात, प्रत्येकीवर विजेची सोळा बटणं. हे दर अडीच मिलिमीटरला मोजतं. आता अडीच मिलिमीटरच्या चित्रात मीटरभराची लाट काय धुमाकूळ घालत असेल याची कल्पना करा. म्हणून त्या उपकरणातच त्वरणमापक असतो आणि नंतर त्याच्या नोंदीवरून चित्राची एकेक ओळ मागेपुढे सरकवून सरळ करतात. मोबाइलवर हललेला व्हिडिओ स्थिर करतात, तसलाच प्रकार, फक्त साडेतीन किलोमीटर पाण्याखालचा.

आता माझा घोळ.

लॉगमध्ये ध्वनीच्या वेगाचा एक रकाना असतो. उपकरण टक् करून आवाज करतं आणि दगडातून आलेली पहिली लाट किती वेळात पोचली ते मोजतं. बोअरची भिंत खराब असली की पहिली लाट क्षीण होते, मोजणारा ती चुकवतो आणि दुसरीला पहिली समजतो. आलेखात अचानक सुळका येतो. असे सुळके काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा पंचविशीचा, आत्मविश्वास उतू जात होता. दर ओळीसाठी आजूबाजूच्या पाच ओळींचा मध्यक घ्यायचा आणि तोच लिहायचा. वीस ओळींचा कोड. आलेख असा गुळगुळीत झाला की बघत राहावं. तेवढ्या उत्साहात तोच कोड घनतेच्या रकान्यालाही लावला, म्हटलं हेही छान दिसू दे. दुपारी चहाला सगळ्यांना दाखवला सुद्धा.

दोन आठवड्यांनी क्लायंटकडच्या एका भूवैज्ञानिक बाईंचा फोन आला. शांत आवाजात म्हणाल्या, “तुमच्या फाइलमध्ये चुनखडीचा थर दिसत नाहीये. कोअरमध्ये आहे. तीस सेंटिमीटरचा.”

तीस सेंटिमीटर म्हणजे दोन ओळी! पाचांच्या मध्यकात दोन ओळींची वेगळी बातमी कधीच टिकत नाही, बाकीच्या तीन तिला मतदानात पाडतात. माझ्या गाळणीला यंत्राची चूक आणि निसर्गाची खरी गोष्ट यांत फरकच करता येत नव्हता. दोन्ही सुळकेच. मी म्हटलं, “सॉरी मॅडम, मूळ फाइलवरून लगेच परत काढून देतो.” आणि मग आठवलं की कोड मूळ फाइलवरच लिहीत होता. डिस्कवर जागा कमी होती म्हणून मीच तसं केलं होतं. मूळ मोजमापं टेपवर होती, टेप दुसऱ्या गावात. पुढचे नऊ दिवस मी काय शिव्या खाल्ल्या ते सांगत नाही.

नंतर लॅमॉन्टच्या मंडळींनी जाहीर ठेवलेल्या फाइली बघितल्या तेव्हा हेवा वाटला. तिथे मूळ आणि प्रक्रिया केलेली मोजमापं वेगवेगळी, आणि प्रत्येक बोअरबरोबर एक साधं टिपण. कुठल्या फेरीचा गॅमा आधार धरला, समुद्रतळासाठी किती मीटर सरकवलं, कुठल्या पट्ट्यात भोक इतकं रुंद झालंय की घनतेवर भरवसा ठेवू नका. सगळं गद्यात. ‘डेटा साफ केला’ एवढ्यावर भागवलेलं नाही. काय केलं ते लिहिलंय, म्हणजे न पटलं तर तुम्हाला ते उलटं करता येतं.

भोक रुंद होण्याचं कारणही समुद्राचंच. तेलविहिरीत जड चिखल भरून भिंतीला आधार देतात, लोखंडी नळ घालतात. इथे बहुतेक वेळा नुसतं समुद्राचं पाणी. मऊ गाळ ढासळतो, पोकळ्या पडतात. घनता मोजणारं उपकरण भिंतीला चिकटून चाललं तरच खरं बोलतं. मध्ये पाणी आलं की ते पाण्याचीच घनता दगडाच्या नावावर खपवतं. म्हणून सोबत कॅलिपरचा हात असतो, भोकाचा व्यास सांगणारा. बारा इंचांच्या पुढे गेला की बाकीच्या रकान्यांकडे संशयाने बघायचं. शेजारचा रकाना न बघता एकच रकाना वाचणं म्हणजे एकाच बाजूची साक्ष ऐकून निवाडा देणं. आणि जिथे मोजमापच नाही तिथे तेलवाल्यांच्या फाइलींत लिहिलेलं असतं -९९९.२५. हे न वगळता सरासरी काढली की दगडाची घनता उणे येते आणि दगड आकाशात उडू लागतात :) हेही मी केलेलं आहे, पण तो अपराध किरकोळ.

इथवर सगळ्या यंत्राच्या आणि माणसाच्या चुका झाल्या. पण मोजमाप अगदी बरोबर आणि तरी उत्तर चूक असंही होतं. त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे.

२००६ मध्ये एप्रिलअखेरपासून ऑगस्टपर्यंत हेच ‘जॉयडीझ रेझोल्यूशन’ जहाज भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी आपल्या समुद्रात होतं. गॅस हायड्रेट म्हणजे बर्फाच्या जाळीत अडकलेला मिथेन. थंडी आणि दाब असेल तोवर गोठलेला, वर आणला की वितळून वायू होऊन उडून जाणारा. २१ ठिकाणी ३९ बोअर मारले. केरळ-कोकण खोऱ्यात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, महानदीच्या मुखासमोर, अंदमानजवळ. कृष्णा-गोदावरीतल्या दहाव्या ठिकाणी घबाड लागलं. तळाखाली साधारण २५ ते १६० मीटरच्या पट्ट्यात विद्युतरोधाचा आलेख एकदम उसळला. हायड्रेट वीज वाहू देत नाही, त्यामुळे रोध जास्त म्हणजे हायड्रेट जास्त.

किती जास्त? ते काढायला गस आर्ची या शेल कंपनीतल्या माणसाचं १९४२ चं सूत्र आहे. वाळूच्या दगडाचे नमुने प्रयोगशाळेत मोजून त्याने रोध, सच्छिद्रता आणि छिद्रांतलं पाणी यांचं नातं बसवलं. ऐंशी वर्षांहून जास्त काळ सगळं तेलजगत या सूत्रावर चाललंय. ते इथे लावलं. उत्तर आलं, छिद्रांतली निम्म्याहून जास्त जागा हायड्रेटने भरलेली, काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत. ऊर्जा आयात करणाऱ्या देशाला झोप लागणार नाही असा आकडा.

पण शेजारच्या बोअरमधून दाबबंद कोअरही काढलेले होते. म्हणजे समुद्राखालचा दाब तसाच कोंडून वर आणलेला गाभा, हायड्रेट उडून जाऊ नये म्हणून. त्यांतून वायू मोजून सोडला, तर प्रमाण २६ टक्क्यांच्या आतच. एकीकडे ८०, दुसरीकडे २६!

यंत्र बिघडलं नव्हतं. खोली सरकली नव्हती. भोकही ठीक होतं. गोम होती दगडात. तिथला गाळ चिकणमातीचा आहे आणि हायड्रेट त्याच्या छिद्रांत सारखा पसरलेला नाही; तो जवळजवळ उभ्या भेगांमध्ये शिरांसारखा भरलाय. क्ष-किरणांच्या चित्रांत त्या शिरा दिसतात. उभ्या बोअरमधल्या उपकरणाचा प्रवाह मुख्यतः आडवा वाहतो. वाटेत उभ्या भिंती आडव्या येतात आणि प्रवाह अडतो. तोच हायड्रेट आडव्या थरांत असता तर प्रवाह दोन थरांमधून निसटून गेला असता आणि रोध इतका दिसला नसता. आर्चीच्या सूत्रात दिशा नाहीच. ते धरून चालतं की दगड सगळ्या बाजूंनी सारखा आहे. वाळूला ते शोभतं. इथे शोभलं नाही.

२००९ मध्ये ली आणि कॉलेट या अमेरिकन भूसर्वेक्षण खात्यातल्या दोघांनी तोच लॉग पुन्हा सोडवला, भेगांची दिशा हिशेबात धरून, ध्वनीच्या वेगाचा रकाना जोडीला घेऊन. दोन उत्तरांतली दरी बरीच बुजली. पूर्ण नाही. बऱ्यापैकी फरक अजून उरतो, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या धंद्यात असा उरलेला फरक कुठल्यातरी ‘इतर’ नावाच्या रकान्यात टाकून रिलीज करतात.

हे करता का आलं? विद्युतरोधाचा मूळ आलेख जसाच्या तसा होता, आणि बाकीचे रकानेही. कोणी हौशी पोराने मधल्या काळात तो ८० टक्क्यांना शोभेल असा गुळगुळीत करून मूळ फाइलवर लिहून ठेवला नव्हता. (हौशी पोरं कशी असतात ते मला माहीत आहे.)

तेच जहाज २०१५ मध्ये पुन्हा आपल्या बाजूला आलं होतं. मोहीम क्रमांक ३५५, अरबी समुद्र, लक्ष्मी खोरं. गोव्याच्या आपल्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे हे पीटर क्लिफ्ट यांच्यासह मोहिमेचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा आणि हिमालयाच्या झिजेचा इतिहास सिंधू नदीच्या गाळात शोधायला गेले होते. तिथे त्यांना एक कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास भारताच्या पश्चिम उताराची एक प्रचंड दरड समुद्रात कोसळल्याचा पुरावा मिळाला. तिला ‘नटराज’ असं नाव दिलंय. दोन ठिकाणच्या बोअरमध्ये तिची जाडी शेकडो मीटर. आपण गणपतीपुळ्याला पाण्यात पाय बुडवून उभे राहतो, त्याच समुद्रात दूर पश्चिमेला, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली ही दरड पडून आहे. मोहीम संपली मे अखेरीस, मुंबई बंदरात. मी तेव्हा पुण्यात होतो आणि मला पत्ताही नव्हता. नाहीतर निदान धक्क्यावरून लांबून तरी बघून आलो असतो.

आता ते जमणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आर्क्टिकच्या फ्राम सामुद्रधुनीतली ४०३ क्रमांकाची मोहीम आटोपून ‘जॉयडीझ रेझोल्यूशन’चं हे काम थांबलं. अमेरिकन सरकारने पैसे बंद केले. जागेवर दुसरं अमेरिकन जहाज आलेलं नाही. जपानचं ‘चिक्यू’ आहे, युरोप आणि जपान मिळून २०२५ पासून नवा कार्यक्रम चालवतायत. पण तिने पाडलेली बहुतेक भोकं उघडी सोडलेली, केव्हाच ढासळून बुजली असतील. कोअर थंड गोदामांत आहेत, दरवर्षी थोडे थोडे नमुने कापून कमी होत चाललेले. आलेख मात्र जितक्यांना हवेत तितक्यांनी उतरवून घ्यावेत, त्यातून काही कमी होत नाही.

माझ्या शनिवारच्या फाइलमध्ये ३१२ मीटरच्या जवळ घनतेचा एक सुळका आहे, बरोबर दोन ओळींचा. कॅलिपर बघितला, भोक ठीक आहे. गॅमा तिथेच खाली गेलाय. विद्युतरोध वर. तीन रकाने एकच सांगतायत. त्या ठिकाणचा कोअर उघडून बघितला तर नळीतून निम्माच दगड वर आलेला, आणि तोही संकेताप्रमाणे वरच्या टोकाला नोंदवलेला. म्हणजे चुनखडी असलीच तर टेबलावर आलीच नाही. उद्या रविवार आहे, शेजारच्या बोअरची फाइल उतरवून तिथे तो सापडतो का बघतो.